अनाथाश्रमाची यात्रा आणि अनाथांचा पुरवठा

जून महिना उजाडला की अमेरिकेतील मोठ्या विमानतळांवर एकाच रंगाचे सदरे घातलेले तरुण-तरुणींचे जथे दिसू लागतात. सदऱ्यावर चर्चचे नाव आणि ज्या देशी जावयाचे त्या देशाचा नकाशा छापलेला असतो. हैती, ग्वातेमाला, केनिया, युगांडा, कंबोडिया ही त्यांची नेहमीची ठिकाणे. मुक्काम आठ-दहा दिवसांचा. परंतु त्याची तयारी कित्येक महिने चाललेली असते. रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात लोकांच्या मोटारी धुवून, घरी भाजलेले केक विकून, आत्या-मामांना पत्रे लिहून पैसा उभा केला जातो. तेथे पोहोचल्यावर सकाळी अनाथाश्रमाच्या भिंती रंगवावयाच्या, दुपारी मुलांना बायबलमधील गोष्टी सांगावयाच्या, बाहुल्यांचे खेळ करून दाखवावयाचे आणि निरोपाच्या दिवशी गळ्यात पडून रडणाऱ्या मुलांसमवेत छायाचित्रे काढून घ्यावयाची, असा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांनी २००५ मधील पाहणीवरून असा अंदाज बांधला होता की, अशा अल्पमुदतीच्या मिशन यात्रांवर वर्षाकाठी सुमारे १६ लाख अमेरिकन चर्च-सदस्य परदेशी जातात. त्यांतील सारेच काही अनाथाश्रमांत जात नाहीत. कोणी घरे बांधतात, कोणी विहिरी खोदतात, कोणी दवाखान्यांत मदत करतात. तथापि अनाथ मुलाच्या ठायी जे आकर्षण आहे ते विहिरीच्या ठायी नाही, हे उघड आहे.

या तरुणांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सुटीचे दिवस समुद्रकिनारी घालविणे त्यांना सहज शक्य असते. ते न करता ते परक्या देशातील उकाड्यात, डासांत जाऊन राहतात. त्यांच्या धर्माचीही तशी आज्ञा आहे. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात अनाथांचा व विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे हे शुद्ध धर्माचरणाचे लक्षण मानलेले आहे, आणि अनाथाश्रमांच्या मदतीसाठी निघणाऱ्या आवाहनपत्रांत या वचनाचा आधार हटकून दिलेला असतो. मात्र आवाहनपत्रे अनाथापाशी थांबतात, विधवेपर्यंत जात नाहीत. मूळ वचनात ही दोन नावे शेजारी-शेजारी आहेत आणि ते स्वाभाविकही आहे. बाप मेला की मूल पोरके होते आणि त्याच वेळी त्याची आई विधवा होते. संकट एकाच घरावर कोसळलेले असते. त्या घरातील मूल तेवढे उचलून आणावयाचे आणि आईला मागे ठेवावयाचे, ही वाटणी पुढच्या काळात केव्हातरी झाली. आजच्या अनाथाश्रम-यात्रांच्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ या वाटणीत आहे.

'अनाथ' या शब्दाचाच प्रथम विचार करावयास हवा. युनिसेफच्या व्याख्येप्रमाणे आई किंवा वडील यांपैकी एकाचा मृत्यू झालेले मूलही अनाथांत धरले जाते. एड्सच्या साथीने आफ्रिकेत लक्षावधी घरांतील एकेक पालक ओढून नेला, त्या १९९० नंतरच्या काळात मदतीची गरज मोजण्यासाठी ही व्याख्या रूढ झाली. २०१५ मध्ये या हिशेबाने जगातील अनाथांची संख्या सुमारे १४ कोटी होती. परंतु त्यांपैकी आई आणि वडील दोघेही गमावलेली मुले सुमारे दीड कोटी होती. म्हणजे दर दहांतील जवळजवळ नऊ 'अनाथ' मुलांना आई किंवा बाप होता, आणि उरलेल्यांपैकीही बहुतेकांना आजी, मावशी, काका असे कोणी ना कोणी होतेच. ही गोष्ट युनिसेफने स्वतःच वेळोवेळी स्पष्ट केलेली आहे. चर्चच्या सभागृहात पडद्यावर जेव्हा १४ कोटींचा आकडा झळकतो, तेव्हा मात्र समोर बसलेल्यांच्या डोळ्यांपुढे १४ कोटी निराधार, एकाकी मुले उभी राहतात. वैधव्य मोजण्यासाठी तयार केलेली संख्या पोरकेपणाची म्हणून वाचली जाते.

येथून पुढचा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे आणि तो कंबोडियात सर्वांत स्पष्ट दिसतो. ख्मेर रूज राजवटीच्या १९७५ ते १९७९ या काळात त्या देशातील लक्षावधी माणसे मेली, आणि त्यानंतर तेथे खऱ्याखुऱ्या अनाथांची मोठी संख्या होती. पुढे शांतता आली, ती मुले मोठी झाली. सामान्य तर्काने अनाथाश्रम हळूहळू ओस पडावयास हवे होते. घडले ते उलटेच. २००५ मध्ये कंबोडियात १५४ अनाथाश्रम होते, ते २०१० मध्ये २६९ झाले. पाच वर्षांत पाऊणपट वाढ. या आश्रमांतील जवळजवळ तीनचतुर्थांश मुलांचे निदान एक पालक हयात होते. त्या पाच वर्षांत देशात युद्ध झाले नव्हते, दुष्काळ पडला नव्हता. वाढली होती ती परदेशी पाहुण्यांची संख्या. अंगकोर वाटची मंदिरे पाहावयास येणारा प्रवासी सिएम रीप गावी उतरे. तेथे त्याला सायंकाळी अनाथ मुलांच्या नृत्याचे निमंत्रण मिळे आणि कार्यक्रम संपल्यावर दानपेटी पुढे येई. चर्चचा गट आठ दिवस राही व जाताना मोठी देणगी ठेवी. मागणी होती, तिच्यामागे डॉलर होते, आणि जो माल मागितला जात होता तो पुरविला जात होता. माल हा शब्द मुलांविषयी वापरणे कानाला बरे वाटत नाही, पण व्यवहाराचे स्वरूप दुसऱ्या कोणत्याही शब्दाने यापेक्षा नेमके सांगता येणार नाही.

नेपाळमध्ये हेच चित्र नकाशावर उमटलेले होते. त्या देशात जिल्हे ७५ असतानाच्या काळात एकूण बालगृहांपैकी सुमारे ९० टक्के अवघ्या पाच जिल्ह्यांत होती: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन. गरिबी म्हणाल तर ती सर्वाधिक पश्चिमेकडील डोंगराळ भागात. या पाच जिल्ह्यांत होते ते विमानतळ, सरोवर, मंदिरे आणि गेंड्यांचे अभयारण्य. दारिद्र्य जेथे आहे तेथे अनाथाश्रम नाहीत आणि प्रवासी जेथे आहेत तेथे ते रांगेने उभे आहेत, यावरून काय तो बोध घ्यावा. मग या आश्रमांत मुले कोठून येत? कित्येक मुले हुम्लासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून आणली गेली. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात माओवादी आपली मुले पळवून लढाईत घालतील या धास्तीने आईबापांनी जमीन-जनावरे विकून दलालांना पैसे दिले. शहरात सुरक्षितता व शिक्षण मिळेल असे त्यांना सांगण्यात आले होते. शहरात त्याच मुलांचे आईबाप मेल्याचे कागद तयार झाले. दलालाने दोन्हीकडून वसुली केली. प्रथम पालकांकडून आणि नंतर परदेशी देणगीदाराकडून. अशा मुलांना ऑस्ट्रेलियातील कायद्याच्या अभ्यासिका केट व्हॅन डूर यांनी 'कागदी अनाथ' असे नाव दिले. त्यांच्या स्वतःच्या संस्थेने नेपाळात चालविलेल्या अनाथाश्रमातील मुली अनाथ नाहीत, हे २०११ मध्ये त्यांना कळले तेव्हापासून त्यांचा हा अभ्यास सुरू झाला. दानधर्माच्या क्षेत्रात आपली चूक अशी उघडपणे मांडणारी माणसे थोडी.

हैतीतील घटना याहून प्रसिद्ध आहे. १२ जानेवारी २०१० रोजी तेथे भूकंप झाला. महिना उलटण्याच्या आत अमेरिकेतील दहा बाप्टिस्ट स्वयंसेवक ३३ मुलांना बसमध्ये बसवून शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात नेत असताना सीमेवर पकडले गेले. मुलांसाठी तेथे आश्रम काढावयाचा त्यांचा बेत होता. चौकशीअंती दिसले की मुले अनाथ नव्हती. पालकांनी ती आपल्या हाताने या पाहुण्यांच्या स्वाधीन केली होती, कारण शाळा, खेळावयाचे मैदान आणि पोटभर अन्न यांचे आश्वासन मिळाले होते. या गटाच्या म्होरक्या बाईंना पुढे किरकोळ गुन्ह्याबद्दल दोषी ठरवून, भोगलेली कैद पुरेशी मानून सोडण्यात आले. भूकंपाच्या धामधुमीतील हा अविचार म्हणून तो सोडून देता आला असता. पण त्याच्या मागे हैतीतील नित्याचीच व्यवस्था होती. तेथे साडेसातशेच्या आसपास अनाथाश्रम, त्यांत सुमारे ३० हजार मुले आणि त्या मुलांपैकी सुमारे ८० टक्क्यांचे निदान एक पालक हयात. २०१७ मध्ये लुमोस या संस्थेने हिशेब मांडला तो असा की, यांपैकी केवळ एकतृतीयांश आश्रमांना परदेशांतून वर्षाला निदान ७ कोटी डॉलर मिळतात, आणि देणारी बहुतेक अमेरिकन चर्चेस व ख्रिस्ती संस्था आहेत.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. मूल खेड्यात अर्धपोटी राहण्यापेक्षा आश्रमात दोन वेळा जेवते, शाळेत जाते, मग आई जिवंत आहे की नाही याची उठाठेव कशाला? आक्षेप पोकळ नाही. आईबापच मूल आणून सोडतात तेव्हा ते वेडेपणाने सोडत नाहीत. आपल्या परिस्थितीत मुलाचे भले कशात आहे याचा त्यांनी विचार केलेला असतो. हैतीतील बहुसंख्य शाळा खाजगी आहेत, त्यांत फी पडते, गणवेश लागतो. चार मुलांची फी ज्या बाईला झेपत नाही तिला असे आढळते की, गावात फी भरणारे कोणी नाही, पण शहरातील आश्रमात मूल ठेवले तर फी आपोआप भरली जाते. ती मूल टाकून देत नसते. शाळा विकत घेण्यासाठी तिच्याकडे जे एकच नाणे उरलेले असते ते ती देत असते, आणि ते नाणे म्हणजे मुलाचा सहवास. हा सौदा तिने मान्य केला म्हणून तो तिला हवा होता असे ठरत नाही. दुकानात दुसरी किंमतच लावलेली नव्हती. आश्रमात एका मुलावर जो खर्च होतो त्याच्या अंशाइतक्या रकमेत तीच फी घरी भरता आली असती, हे देणगीदाराला कोणी सांगितलेले नसते. कारण सांगणारा आश्रमचालक असतो.

आणि आश्रमात मुलाला जे मिळते त्यातून काय वजा होते तेही पाहिले पाहिजे. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोवैज्ञानिकाने १९५१ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेला अहवाल देऊन, लहानपणी एका मायेच्या माणसाचा अखंड सहवास न लाभणे मुलाच्या मनाला किती घातक असते, ते मांडले होते. पुढे रुमानियात याचा कसोशीने अभ्यास झाला. चाउशेस्कूच्या राजवटीत १९६६ च्या गर्भपातबंदीनंतर नकोशा मुलांनी सरकारी आश्रम भरून गेले होते. २००० नंतर बुखारेस्टमधील आश्रमांतील १३६ तान्ह्या मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्यांना प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले. साडेचार वर्षांच्या वयात आश्रमाकडे राहिलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ७३ च्या आसपास, कुटुंबांत गेलेल्यांचा ८१ आणि जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्या मुलांचा १०९ आढळला. रुमानियातील आश्रम विशेष वाईट होते हे खरे. परंतु ज्या गोष्टीचा तेथे दुष्काळ होता, म्हणजे रोज तेच माणूस, तोच आवाज, तोच हात, तिचा दुष्काळ रंगीत भिंतींच्या आश्रमातही असू शकतो. किंबहुना दर पंधरवड्याला नवे प्रेमळ पाहुणे येणार आणि निघून जाणार, या व्यवस्थेने तो वाढतोच. अनोळखी माणूस दारात दिसताच मूल धावत येऊन त्याच्या गळ्यात पडते, याचे स्वयंसेवकाला मोठे अप्रूप वाटते; घरी परतल्यावर तो हीच आठवण सर्वांना सांगतो. घरात वाढलेले तीन-चार वर्षांचे मूल परक्याला पाहून आईच्या मागे लपते. ज्याच्याजवळ लपावयास कोणी नाही ते सरसकट सर्वांना बिलगते, आणि बालमानसशास्त्राचे अभ्यासक याला जिव्हाळ्याचे बंध विस्कटल्याचे लक्षण मानतात.

पाहुण्याची पारख कोण करतो, हा आणखी एक प्रश्न. अमेरिकेत शाळेत मदतीला येणाऱ्या माणसाची पूर्वचौकशी होते. तोच माणूस नैरोबीच्या आश्रमात गेला तर पुष्कळदा चर्चचे एक पत्र पुरते. ओक्लाहोमातील एका तरुण स्वयंसेवकाला केनियातील आश्रमात मुलांवर केलेल्या अत्याचारांबद्दल २०१६ मध्ये अमेरिकन न्यायालयाने ४० वर्षांची शिक्षा ठोठावली. सर्व स्वयंसेवकांवर यावरून शिंतोडे उडविणे अन्यायाचे होईल. पण दार सर्वांना उघडे ठेवले की त्यातून कोणीही आत येते.

महाराष्ट्रात परदेशी मिशन आणि अनाथाश्रम यांचा विषय निघाला की चर्चा लागलीच धर्मांतरावर जाते. त्यास इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले ते बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाच्या दहा वर्षांच्या मदतीच्या हमीवर; आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले ते मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून. हा वाद महत्त्वाचा होता, परंतु त्याच्या धुरळ्यात दुसरा एक फरक दिसेनासा होतो. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत केडगावच्या मुक्ती सदनात शेकड्यांनी मुली आल्या, त्यांची घरे खरोखर उद्ध्वस्त झालेली होती. तेथे विधवाही होत्या, त्यांची मुलेही होती. विधवेला वगळून अनाथ गोळा करण्याची कल्पना, स्वतः विधवा असलेल्या आणि मुलगी कडेवर घेऊन संसार केलेल्या रमाबाईंच्या डोक्यात येणे शक्य नव्हते. परदेशातून पैसा आला, माणसेही आली. पण आलेली माणसे मराठी शिकली, वर्षानुवर्षे राहिली, कित्येक येथेच मातीआड झाली. आठ दिवसांच्या सेवकाशी त्यांची तुलना करणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे, मग त्यांच्या धर्मप्रचाराविषयी कोणाचे काहीही मत असो. शिवाय यात्रेकरूंना हसण्याचा अधिकार आपल्या मध्यमवर्गाला फारसा नाही. मुलाच्या वाढदिवसाला बालगृहात जाऊन केक कापावयाचा, मुलांना ओळीने बसवून गाणे म्हणावयास लावावयाचे आणि छायाचित्रे सर्वांना पाठवावयाची, ही प्रथा पुण्या-मुंबईत चांगलीच रुजली आहे. अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय कायद्याने मनाई आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

सुदैवाने या व्यवहाराकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली आहे. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने, अनाथाश्रमांसाठी मुलांची वाहतूक हा गुलामगिरीचाच प्रकार असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरील ठरावात अनाथाश्रमांतील स्वयंसेवा-सहलींच्या धोक्याचा उल्लेख केला. कंबोडियाच्या सरकारने पाच प्रांतांतील आश्रमांतून ३० टक्के मुले घरी परत पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ख्रिस्ती जगातूनही टीका झाली आहे आणि ती सर्वांत जुनी आहे. इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने १९६८ मध्येच, मेक्सिकोत उन्हाळी सेवेस निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे भाषण करून त्यांना जाऊच नका असे तोंडावर सांगितले होते. आज कित्येक ख्रिस्ती संस्था आश्रमांऐवजी कुटुंबांना मदत करण्याचा प्रचार करीत आहेत.

अडचण पैशाच्या रकमेची नाहीच. कॅल्व्हिन कॉलेजचे कर्ट व्हर बीक यांनी १९९८ च्या चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये बांधलेल्या घरांचा अभ्यास केला. परदेशी चर्चच्या गटांनी स्वतः जाऊन बांधलेले घर प्रवासखर्चासह सुमारे ३० हजार डॉलरना पडले. स्थानिक संस्थेने तेच सुमारे २ हजारांत बांधले. एका फेरीच्या खर्चात पंधरा घरे उभी राहिली असती. हाच हिशेब अनाथाश्रमाच्या यात्रेला लावता येतो. महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेत, आई किंवा वडील गमावलेले मूल नात्याच्या घरातच राहावे म्हणून जे अनुदान मिळते, ते २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. एका स्वयंसेवकाच्या फेरीला दोन हजार डॉलर लागतात असे धरले, तर तेवढ्यात अशा पाच-सहा मुलांचे वर्षभराचे अनुदान निघते, आणि मुले आईपाशी किंवा आजीपाशी राहतात.

मात्र हा हिशेब चर्चच्या खजिनदारापुढे मांडला की त्याचे उत्तर तयार असते, आणि ते खोटे नसते. तो म्हणतो, पुतण्या हैतीला निघाला म्हणून काका शंभर डॉलर देतो. कधी न पाहिलेल्या कोण्या बाईच्या मुलाची फी भरावयाची म्हटले तर तो दहासुद्धा देणार नाही. यात्रा थांबली की पैसाही थांबेल. शिवाय आज जी मुले आश्रमात आहेत त्यांचे अन्न याच पैशावर चालते. तो एकाएकी बंद झाला तर पहिला उपवास त्यांनाच घडेल. म्हणून ज्या चर्चांनी हा मार्ग सोडावयाचे ठरविले, त्यांच्यापुढचे काम किचकट आहे. पाहुणे पाठविणे ताबडतोब थांबवावयाचे, पण धनादेश चालू ठेवावयाचा. त्यातून प्रशिक्षित समाजसेवक नेमून एकेका मुलाचे गाव, घर, नातलग शोधावयाचे. ते घर मुलाला सांभाळण्यास योग्य आहे का ते पाहावयाचे. नसेल तर प्रतिपालक कुटुंब हुडकावयाचे. आणि मूल घरी गेल्यावरही काही वर्षे फी व धान्य त्या घरी पोहोचते की नाही यावर लक्ष ठेवावयाचे. या कामास एकेका मुलामागे कित्येक महिने लागतात, आणि ते तेथील भाषा बोलणाऱ्या माणसालाच करता येते.